घडीची शिडी बाजूला का कलंडते

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या बहुतेक शेडमध्ये एक तरी घडीची शिडी असते. रंगारी तिला घोडा म्हणतात. ट्यूब बदलायची, एक्झॉस्ट पंखा पुसायचा, वरच्या रॅकवरचा डाय काढायचा, की तीच ओढली जाते. भिंतीला टेकवायची लांब शिडी असली तर माणूस जरा बिचकतो, कुणाला तरी खाली धरायला सांगतो. घडीची शिडी मात्र चार पायांवर आपली आपण उभी राहते, म्हणून तिच्यावर पटकन भरवसा बसतो. तो भरवसा अर्धाच खरा आहे. पुढे-मागे ती बऱ्यापैकी पाय रोवून असते. डाव्या-उजव्या बाजूला मात्र फार थोड्या जोराने पडते. शिडीचे बहुतेक नियम या एकाच गोष्टीतून निघतात, म्हणून आधी तिचा हिशेब करू.

पंचवीस सेंटिमीटर

सात पायऱ्यांची साधी ॲल्युमिनियमची शिडी घ्या. उघडल्यावर तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत साधारण एक मीटर अंतर पडतं. डाव्या आणि उजव्या पायात मात्र अर्धा मीटरच. म्हणजे मधोमध उभ्या माणसाला दोन्ही बाजूंना २५-२५ सेंटिमीटरची जागा आहे. सगळं वजन मिळून जिथे एकवटतं त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. त्याच्यापासून सरळ खाली धरलेला ओळंबा या २५ सेंटिमीटरच्या आत पडतो तोवर शिडी उभी राहते. बाहेर गेला की पडते.

माणूस चौथ्या पायरीवर, म्हणजे जमिनीपासून १ मीटरवर उभा आहे. त्याचं वजन ७० किलो, शिडीचं ८ किलो. त्याचा खांदा जमिनीपासून साधारण २.४ मीटरवर येतो. आता तो शिडीच्या बाजूला असलेल्या भिंतीत ड्रिल मारतोय. ड्रिल तो जेवढ्या जोराने दाबेल तेवढ्याच जोराने भिंत त्याला उलट ढकलणार. किती जोरात शिडी कलंडेल? ७८ किलोला २५ सेंटिमीटरने गुणा आणि २४० सेंटिमीटरने भागा. उत्तर येतं ८ किलोच्या जरा वर. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हॅमर ड्रिल दाबताना एवढा दाब सहज पडतो.

आता तोच माणूस पायरीवरून न हलता बाजूला वाकला. कंबर २० सेंटिमीटर सरकली, आणि हातातलं ३ किलोचं ड्रिल शिडीच्या मध्यापासून ७० सेंटिमीटर लांब गेलं. आता गुरुत्वमध्य सुमारे २० सेंटिमीटर सरकला आणि शिल्लक राहिले ५. या स्थितीत शिडी पाडायला २ किलोचाही जोर लागत नाही. केबलला एक हिसका पुरतो. अडकलेला स्क्रू अचानक सुटला तरी पुरतो.

म्हणून बेंबीचा नियम सांगतात: बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. हात बाहेर गेले तर चालतील, कंबर जाता कामा नये. बेंबी बाहेर जात असेल तर खाली उतरा, शिडी सरकवा, परत चढा. यात अर्धं मिनिट जातं. हे अर्धं मिनिट वाचवायलाच माणसं वाकतात, हे शिडीच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येकाने मनात पक्कं धरावं. 'वाकू नका' असं ओरडून फारसा फरक पडत नाही. शिडी हलकी असली, सरकवायला वाट मोकळी असली आणि घाई नसली, तर माणूस आपोआप उतरतो.

दुसरा नियम, शिडीचं तोंड कामाकडे करा. पायऱ्या चढताना तुमचा चेहरा जिकडे असतो तिकडेच काम हवं. समोर काम असलं की अंग शिडीवर झुकवता येतं, नडगी वरच्या पायरीला टेकवता येते, आणि पुढे-मागे असलेलं मीटरभर अंतर आपल्या कामी येतं. रॅक असलेल्या अरुंद बोळात शिडी नेमकी आडवी लावली जाते, कारण दुसरी कशी मावतच नाही. अशा ठिकाणी घडीची शिडी हे चुकीचं साधन आहे. बाजूने जोर देणं टळतच नसेल तर शिडी रॅकला किंवा खांबाला दोरीने बांधा, नाहीतर कठडा असलेली प्लॅटफॉर्मची ट्रॉली आणा.

शिडीवरून बाजूच्या पोटमाळ्यावर किंवा रॅकवर पाय टाकणं हाही यातलाच प्रकार. एक पाय उचलून दुसऱ्याने शिडीला रेटा दिला की तो रेटा थेट बाजूलाच बसतो. पोटमाळ्यावर जायला घडीची शिडी कधीच वापरू नये. त्यासाठी वर पक्की अडकवलेली, माळ्याच्या कडेपासून मीटरभर वर निघणारी सरळ शिडी लागते.

जमीन

एका बाजूची जमीन दुसऱ्या बाजूपेक्षा २ सेंटिमीटर खाली असेल तर अर्ध्या मीटरच्या पायांवर शिडी जेमतेम तिरकी दिसते. वर मात्र गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर सरकलेला असतो. कुणी वाकायच्या आधीच पंचवीसातला जवळपास एक तृतीयांश संपला. शेडमधली जमीन पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार देऊन केलेली असते, मशिनच्या पायाभोवती खड्डे असतात, गटारावरच्या जाळ्या हलतात. एका पायाखाली फरशीचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची घडी सरकवण्याची सवय सगळीकडे आहे. ती सोडा. माणूस वर-खाली झाला की तुकडा सरकतो, आणि तो सरकलेला वरच्या माणसाला दिसत नाही. जागा बदला, किंवा पाय कमी-जास्त करता येणारी शिडी घ्या.

चारही पाय टेकले का हे पाहायला सोपा उपाय आहे. पहिल्या पायरीवर उभं राहून अंग हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. खट् असा आवाज आला किंवा शिडी डुलली, तर एक पाय हवेत आहे.

जमीन घसरडी कशाने होते हे प्रत्येक धंद्यात वेगळं. हळदीच्या गोदामात बारीक पूड गुळगुळीत कोब्यावर पसरते, आणि शिडीचे रबरी बूट त्या पुडीवर घसरतात. पूड डोळ्यांना फारशी दिसत नाही. शिडीच्या जागी आधी ओल्या फडक्याने दोनदा पुसून कोरडं करा. नुसत्या झाडूने पूड उडते आणि पुन्हा तिथेच बसते. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेडमध्ये आणि कोल्ड स्टोअरेजमध्ये चिकट दाणे बुटाला लागतात, थंड खोलीच्या दारापाशी दव साचतं. मशिनशॉपमध्ये कूलंट, म्हणजे मशिन थंड ठेवणारं पाणी, आणि लोखंडाची बर, म्हणजे कापताना निघणारा चुरा, असतो. बर रबरात रुतून बसते, मग रबर जमिनीला टेकतच नाही. फौंड्रीत मोल्डिंगची वाळू. कामगाराच्या चपलेला किंवा बुटाला जे लागतं तेच पायरीवर जातं, म्हणून चढण्याआधी तळवे पुसायचे. स्लिपर घालून तर चढायचंच नाही.

चालण्याच्या वाटा घसरड्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवायची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमात मालकावर टाकलेली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. उंचीवर काम करणारा पडू नये म्हणून कठडा किंवा दुसरी सोय करावी, हेही त्याच कलमात होतं.

कोणती शिडी, किती उंच

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचं मार्गदर्शन याबाबत स्पष्ट आहे: हाताने धरायला काही नसेल तर घडीच्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहून काम करू नये, आणि सगळ्यात वरची पाटीही या तिनांतच मोजावी. कारण सरळ आहे. त्या तीन पायऱ्या तुमच्या गुडघ्या-मांडीला टेकायला हव्यात. वरच्या पाटीवर उभं राहिलं की टेकायला काही उरत नाही आणि गुरुत्वमध्यही उंच जातो.

यावरून उंची काढता येते. मध्यम उंचीच्या माणसाला आरामात हात वर करून २ मीटरपर्यंत काम करता येतं. छत ३ मीटरवर, म्हणजे १० फुटांवर असेल तर पाय १ मीटरवर हवेत. पायऱ्यांत २५ सेंटिमीटर अंतर धरलं तर ती चौथी पायरी. वर तीन सोडायच्या, म्हणजे सात पायऱ्यांची शिडी. १२ फुटांच्या छताला दहा पायऱ्या लागतात. दुकानदार बहुतेक वेळा पाच पायऱ्यांची शिडी आणतात, कारण ती ठेवायला सोपी. मग माणूस पाटीवर उभा राहतो. त्यापुढच्या उंचीच्या गोदामात घडीच्या शिडीचा नाद सोडावा आणि परांची किंवा चाकांचा, ब्रेक लागणारा मनोरा वापरावा.

वजनाची मर्यादा शिडीच्या दांड्यावर चिकटवलेली असते. युरोपच्या ईएन १३१ मानकाच्या शिडीला ती १५० किलो असते. अमेरिकेत शिड्यांचे दर्जे ठरलेले असतात, घरगुती शिडीला ९१ किलो आणि सगळ्यात भक्कम शिडीला १७० किलो. आपल्याकडे शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६ या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे. या मर्यादेत माणूस, बूट, कमरेची हत्यारं आणि हातातलं सामान सगळं येतं. कुठलंही लेबल नसलेली शिडी कामाच्या जागी आणूच नये.

हातात घेऊन चढायचं वजन मात्र याहून फार कमी हवं, १० किलोच्या आत. बेदाण्याचा बॉक्स १५ किलोचा असतो. थप्पीवरून तो उतरवायला घडीची शिडी चालत नाही, कारण दोन्ही हात बॉक्सला लागतात आणि शिडी धरायला एकही उरत नाही. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार नेहमी हवेत. हत्यारं कमरेच्या पट्ट्यात ठेवा किंवा दोरीला पिशवी बांधून वर ओढा.

स्थानिक फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइपची शिडी करून घेण्याची पद्धत सांगली-मिरजेत जुनी आहे. ती भक्कम दिसते, पण तीन गोष्टी बघा. जोड नुसते ठिपके मारून केलेत की सगळीकडून भरलेत? पाइपची टोकं बंद आहेत का? उघडी असतील तर पाणी आत शिरतं आणि गंज आतून खातो, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. तिसरी गोष्ट, मधल्या पट्ट्या. घडी उघडल्यावर दोन बाजूंना धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांऐवजी दोरी किंवा सायकलची साखळी लावलेली असते. दोरी ताणते, आणि शिडीचे पाय हळूहळू फाकत जातात. पट्टी कडक हवी आणि उघडल्यावर खटका लागून बसली पाहिजे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीतल्या अनेक दुकानांत पाणी होतं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या लोखंडी शिड्या आजही कुठे वापरात असतील तर त्यांचे पाय खालून वरपर्यंत हातोडीने ठोकून पाहा. पाइप कुजला असेल तर आवाज बद्द येतो, ठणठणीत येत नाही. लाकडी घोडा पुरात भिजला असेल तर तो काढूनच टाका. पायऱ्यांच्या खाचा फुगून पुन्हा आकसतात आणि खिळे सैल होतात. लाकडी शिडीला ऑइलपेंट देऊ नये, कारण त्याखाली चीर दिसत नाही. जवसाचं तेल किंवा पारदर्शक वॉर्निश द्यावं.

विजेजवळच्या कामाला ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही बाद. तिथे फायबरग्लासची शिडी हवी, आणि तीही कोरडी आणि स्वच्छ. तिच्यावर ओली धूळ किंवा लोखंडाची पूड बसली की वीज वाहायला वाट मिळते. विजेचा छोटा धक्कासुद्धा शिडीवर जीवघेणा ठरतो. ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच, असलं तर धक्क्यातून माणूस वाचेल, पण दचकून मागे गेलेलं अंग ते थांबवू शकत नाही. म्हणून मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. अंगणातून शिडी नेताना आडवी न्या, उभी नेऊ नका. वरून गेलेल्या तारा मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत.

चढण्याआधी एक मिनिट

रोज पहिल्यांदा वापरताना खालून वर नजर फिरवायची. रबरी बूट चारही आहेत का, झिजून आतला धातू बाहेर आलाय का? एक बूट गायब असेल तर तो पाय आखूड झाला, आणि जमिनीच्या उताराचा वरचा सगळा हिशेब तिथेही लागू होतो. दांडे वाकलेत का? वाकलेला ॲल्युमिनियमचा दांडा ठोकून सरळ करू नये, धातू तिथे आधीच थकलेला असतो. त्याला वेल्डिंगही करू नये, कारण ताप लागलेल्या जागी ॲल्युमिनियमची ताकद उतरते. पायऱ्या हाताने पिळून बघा, रिव्हेट ढिलं असेल तर पायरी फिरते. बिजागरी, पट्ट्या, वरची पाटी पाहा.

नापास झालेली शिडी कोपऱ्यात उभी करू नका. कोपऱ्यात उभी असलेली शिडी कुणीतरी वापरतंच, आणि बहुधा नवीन आलेला मुलगा वापरतो. ती करवतीने मधोमध कापा आणि भंगारात द्या.

शिडी पूर्ण उघडा. मिटलेली शिडी भिंतीला टेकवून चढणं फार चालतं, पण तेव्हा रबरी बूट कडेवर टेकतात आणि खालून सुटतात. मागच्या बाजूने चढू नका, मागच्या आडव्या पट्ट्या पायाच्या वजनासाठी केलेल्या नसतात. दोन्हीकडून चढायची शिडी वेगळी मिळते. दारासमोर काम असेल तर दाराला आतून कडी घाला. गोदामात फोर्कलिफ्ट किंवा हातगाडीची वाट असेल तर दोन्ही टोकांना अडथळे लावा आणि एक माणूस उभा करा.

खाली धरणाऱ्या माणसाबद्दल एक गैरसमज आहे. तो शिडी पडू देणार नाही असं वरच्याला वाटतं आणि तो जास्त वाकतो. ७८ किलोचं वजन कलंडायला लागलं की खालचा माणूस ते रोखू शकेलच असं नाही, उलट अंगावर घेऊ शकतो. त्याचं खरं काम म्हणजे हत्यारं देणं, लोकांना लांब ठेवणं आणि वरच्याची बेंबी दांड्याबाहेर जायला लागली की 'उतर' म्हणणं.

शिडीवर उभं राहून अंगाच्या हेलकाव्याने ती सरकवणं, म्हणजे घोडा चालवणं, काही रंगारी मोठ्या कौशल्याने करतात. प्रत्येक हेलकाव्यात शिडीचे दोन पाय हवेत असतात आणि वजन एकाच बाजूला गेलेलं असतं. कौशल्य कितीही असलं तरी वाटेत रंगाचा एक थेंब किंवा फरशीची एक कड आली की संपलं. हे काम बंदच करायला हवं.

एका जागी सलग अर्ध्या तासाहून जास्त काम असेल तर ते शिडीचं कामच नाही. पोटऱ्या ताठरतात, पाऊल बधिर होतं, आणि चूक उतरताना होते. शेवटची पायरी संपली असं समजून मागे पाय टाकला जातो. उतरताना तोंड शिडीकडेच हवं, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत हात सोडायचे नाहीत.

हळद आणि बेदाण्याच्या शेडमध्ये साडी नेसून काम करणाऱ्या बायका खूप असतात. चढताना साडीचा घोळ पायाखाली येतो, उतरताना तर मागचं दिसतच नाही. पदर खोचून आणि वरून शर्ट घालून थोडी सोय होते. पण ज्या शेडमध्ये त्यांना रोज दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे मालकाने रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला छोटा प्लॅटफॉर्म करून द्यावा. फॅब्रिकेटर तो एका दिवसात करून देतो.

पडल्यावर

१ मीटरवर पाय असलेल्या माणसाचं डोकं अडीच मीटरहून उंच असतं. तिथून ते जमिनीवर येईपर्यंत वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जातो आणि सावरायला एक सेकंदही मिळत नाही. सेफ्टी बेल्ट घडीच्या शिडीला अडकवून काहीच होत नाही, कारण माणसाबरोबर शिडीही येते. बेल्ट लागावा असं काम असेल तर तो वरच्या पक्क्या तुळईला अडकवायचा. हेल्मेट घाला आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, नाहीतर पडताना ते डोक्याआधी जमिनीवर पोहोचतं.

पडलेल्या माणसाला लगेच बसवू नका, पाणी पाजू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर आहे तसाच पडू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. वीज लागून पडला असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. श्वास चालत नसेल तर मात्र छातीवर दाब द्यायला थांबू नका.

डोक्याला मार लागून माणूस उठून बसला, बोलला, कामालाही लागला, तरी त्याला त्या दिवशी एकटं घरी पाठवू नका. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत असेल तर लक्षणं काही तासांनी दिसतात. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, अति झोप, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, यातलं काहीही झालं तर ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. पुढचे २४ तास घरातल्या कुणीतरी जवळ राहायला हवं, आणि कशाकडे लक्ष ठेवायचं हे त्यांना सांगायचं काम कारखान्याचं आहे.